सोलापुरातून बेटांवरील पक्ष्यांचा अभ्यास : पहिल्या प्रश्नापासून प्रत्यक्ष बेटापर्यंत

बेटांवरील पक्ष्यांचा अभ्यास करायचा तर आधी बेट गाठले पाहिजे, असे पक्षी-अभ्यासाकडे वळणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते आणि अंदमानला जाण्याची संधी मिळेपर्यंत ते हा विषय बाजूला ठेवतात. समुद्रापासून दूर, कमी पावसाच्या सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला तर हा विषय आपला नाहीच असे वाटते. माझे मत याच्या उलट आहे. प्रश्न नेमका मांडणे, अधिवासाच्या तुकड्यांचे क्षेत्रफळ व अंतर मोजणे, पक्ष्यांची विश्वासार्ह मोजणी करणे, मोजमापातील त्रुटी ओळखणे आणि वंशवृक्ष (प्रजातींमधील नात्यांचे आराखडे) वाचणे ही या विषयातली मूळ कौशल्ये आहेत. ती समुद्राशिवाय शिकता येतात आणि ज्याने ती आधी शिकलेली नाहीत, त्याच्या हाती बेटावर जाऊनही छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही. पुढील टप्पे महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि चिकाटीने नोंदी ठेवणारे हौशी निरीक्षक यांच्यासाठी लिहिले आहेत. ते दोन-तीन वर्षांचा कार्यक्रम म्हणून वाचावेत आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

पहिला टप्पा : पोहोचणे, टिकणे आणि बदलणे

बेटावर एखादा पक्षी का आहे आणि तो तसाच का आहे, या प्रश्नाचे तीन वेगळे भाग पडतात. तो तेथे पोहोचला कसा, पोहोचल्यावर टिकला कसा आणि टिकल्यानंतर बदलला कसा, हे तीन प्रश्न वहीच्या तीन वेगळ्या पानांवर लिहावेत. कारण त्यांची उत्तरे वेगळ्या प्रकारच्या माहितीतून मिळतात आणि त्यांचे कालमानही वेगळे असते.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडलेला व १९६७ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेला सिद्धांत हाच आजही पाया आहे. मुख्य भूमीपासून बेट जितके दूर तितक्या कमी नव्या प्रजाती तेथे पोहोचतात. बेट जितके लहान तितकी तेथील प्रत्येक प्रजातीतील पक्ष्यांची संख्या कमी राहते आणि त्या प्रजाती लवकर नष्ट होतात. येणे आणि नष्ट होणे यांचा वेग जेथे सारखा होतो, तेथे प्रजातींची एकूण संख्या साधारण स्थिर राहते, प्रजाती मात्र बदलत राहतात. या मांडणीचे बळ असे की तिच्यातून तपासता येण्याजोगी भाकिते निघतात. तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तिच्या मूळ साध्या रूपात सर्व प्रजाती सारख्याच धरलेल्या असतात, आणि जमिनीवर घरटे करणारी टिटवी व झाडाच्या ढोलीत अंडी घालणारा पोपट यांना एकच न्याय लावता येत नाही, हे कोणाही पक्षीनिरीक्षकाला ठाऊक असते.

तिसरा प्रश्न उत्क्रांतीचा. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर गेला. तेथून आणलेले पक्षी एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या, फिंच या लहान पक्ष्यांच्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत, हे १८३७ मध्ये लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ओळखले. पण बदल घडताना पाहण्याचे काम पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून डॅफ्ने मेजर या त्याच द्वीपसमूहातील अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान बेटावर केले. १९७७ च्या दुष्काळात तेथील मध्यम भूफिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. लहान, मऊ बिया संपल्या आणि ट्रिब्युलस या वनस्पतीची कठीण, काटेरी फळे तेवढी उरली. आपल्या माळावर अनवाणी पायात रुतणारा सराटा याच ट्रिब्युलस प्रजातिगटातला (जीनसमधला) आहे, त्यामुळे ते फळ फोडायला किती ताकद लागत असेल हे सोलापूरकराला वेगळे सांगावे लागू नये. ज्यांची चोच खोल आणि बळकट होती ते पक्षी अधिक प्रमाणात जगले, आणि चोचीची खोली मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीतील सरासरी खोली वाढलेली आढळली. १९८२-८३ च्या एल निनोच्या अतिवृष्टीनंतर लहान बियांची रेलचेल झाली आणि निवडीची दिशा उलटली.

या उदाहरणातून अभ्यासकाने घ्यायची गोष्ट कामाच्या पद्धतीची आहे. ग्रँट दांपत्याने दुष्काळ येण्यापूर्वीच शेकडो पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घातली होती, त्यांच्या चोची मोजल्या होत्या आणि बियांचे प्रमाणही नोंदवले होते. आधीची नोंद नसती तर दुष्काळानंतर कोण जगले एवढेच दिसले असते, कोण मेले हे कळले नसते. म्हणून आपला प्रश्न तिसऱ्या पानावरचा असेल, तर एका मोसमात तो सुटणार नाही हे आधीच मान्य करून कामाला लागावे. पहिल्या दोन पानांवरचा प्रश्न असेल, तर तो सोलापुरात आजच सुरू करता येतो.

दुसरा टप्पा : सोलापूरची बेटे निवडणे

पक्ष्याच्या दृष्टीने बेट म्हणजे राहण्याजोग्या जागेचा असा तुकडा, ज्याच्या भोवती त्याला न मानवणारा अधिवास पसरलेला आहे. आपल्या जिल्ह्यात अशा दोन प्रकारच्या जागा सहज मिळतात.

पहिला प्रकार माळरानांचा. नान्नज परिसरातील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. त्यातील गवताळ तुकडे सलग नाहीत, मध्ये ज्वारी, तूर, ऊस, फळबागा आणि वस्त्या आहेत. माळढोकासारख्या मोठ्या पक्ष्याला असा प्रत्येक लहान तुकडा अपुरा पडतो, तर चंडोल, डोंबारी किंवा धाविक यांना तोच तुकडा पुरेसा ठरू शकतो. इथे सावध राहावे. समुद्रात चंडोल उतरू शकत नाही, पण ज्वारीच्या कापलेल्या शेतात डोंबारी खुशाल चरते. म्हणजे काही प्रजातींसाठी हा ‘समुद्र’ ओलांडण्यासारखा आहे, काहींसाठी तो राहण्यासारखाही आहे. कोणती प्रजाती शेतात दिसते आणि कोणती गवताबाहेर कधीच दिसत नाही, याची यादी पहिल्या दोन-तीन महिन्यांत तयार करावी. पुढचे सर्व विश्लेषण या यादीवर उभे राहते आणि नेमकी हीच यादी करण्याचा कंटाळा केला जातो.

दुसरा प्रकार उजनी जलाशयातील उंचवट्यांचा. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी भरते तेव्हा जुन्या टेकड्यांचे माथे आणि उंच बांध पाण्याने वेढले जातात, उन्हाळ्यात पातळी उतरत जाते तसतशी नवी बेटे उघडी पडतात, आहेत ती मोठी होतात आणि शेवटी काही काठाला जोडली जातात. नदी सुरय, टिटव्या आणि इतर पाणपक्ष्यांच्या दृष्टीने या बदलाला फार महत्त्व आहे. बेट काठाला जोडले गेले की कुत्रे, कोल्हे, मुंगूस आणि जनावरे तेथे चालत पोहोचू शकतात. माझ्या मते जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेली ही सर्वांत मौल्यवान अभ्यासभूमी आहे, कारण हिमयुगांत समुद्रात जे घडले त्याचे लहान रूप इथे दरवर्षी दिसते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हा आजच्या अंदमानमधील अनेक बेटे एकमेकांना जोडलेली होती, आणि पातळी वाढल्यावर त्यांचे तुकडे झाले. आज लहान दिसणाऱ्या बेटावर अपेक्षेपेक्षा जास्त प्रजाती आढळल्या, तर ते बेट एके काळी मोठ्या भूभागाचा भाग होते का, हा प्रश्न विचारण्याची सवय उजनीवर लागते.

उजनीकडून उत्क्रांतीची अपेक्षा मात्र करू नये. चार-पाच दशकांत निर्माण झालेल्या आणि पक्षी रोज ये-जा करतात अशा उंचवट्यांवर नव्या प्रजाती घडत नाहीत. तेथे पोहोचणे आणि टिकणे एवढेच अभ्यासावे.

जागा ठरल्यावर क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत उपग्रहचित्रांवरून प्रत्येक तुकड्याची सीमा आखून क्षेत्रफळ, काठापासूनचे अंतर आणि सर्वांत जवळच्या मोठ्या तुकड्यापासूनचे अंतर काढावे. उजनीच्या बाबतीत चित्राची तारीख आणि त्या दिवसाची जलपातळी सोबत लिहिणे अनिवार्य आहे, कारण जानेवारीचे क्षेत्रफळ मे महिन्यातील मोजणीला जोडले तर निष्कर्ष सपशेल चुकीचा येईल. दहा-बारा तुकडे निवडावेत आणि त्यांच्या आकारांत मोठा फरक असावा. सगळे तुकडे सारख्याच आकाराचे घेतले तर क्षेत्रफळाचा परिणाम दिसण्याची शक्यताच उरत नाही.

तिसरा टप्पा : मोजणी

मोजणीसाठी प्रत्येक तुकड्यात ठरावीक बिंदू निवडून तेथे १० मिनिटे उभे राहून दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या सर्व पक्ष्यांची नोंद करण्याची पद्धत नवशिक्यालाही जमते. प्रत्येक पक्ष्याचे अंदाजे अंतर लिहावे. माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून सुरुवातीला ५०, १०० आणि २०० मीटरवर दगड किंवा काठ्या ठेवून नजर तयार करावी. मोठ्या तुकड्यात जास्त बिंदू आणि लहान तुकड्यात कमी, असे घेतले तर मोठ्या तुकड्यात जास्त प्रजाती मिळणारच. त्यात किती वाटा क्षेत्रफळाचा आणि किती आपल्या श्रमाचा, हे वेगळे करण्यासाठी प्रत्येक भेटीतील एकूण मिनिटे नोंदवावीत आणि तुलना सारख्या श्रमांवर करावी.

पक्षी दिसला नाही म्हणजे तो तेथे नाही, असे समजणे ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गवतात दबून बसलेला लावा किंवा तितर पहिल्या भेटीत सहज निसटतो. त्यामुळे एकाच हंगामात, अधिवास फारसा बदललेला नसताना, प्रत्येक बिंदूला किमान तीन-चार वेळा भेट द्यावी. ‘दिसला, नाही दिसला, दिसला’ अशा नोंदींच्या क्रमावरून पक्षी असताना तो आढळण्याची शक्यता किती, हे काढता येते आणि मग तो खरोखर किती जागी आहे याचा सुधारित अंदाज बांधता येतो. या पद्धतीला व्याप्ती-विश्लेषण म्हणता येईल, आणि त्यासाठी आर या मोफत संगणकभाषेत तयार साधने उपलब्ध आहेत.

हंगामाची निवड आपल्या हवामानाप्रमाणे करावी. माळावरचे अनेक पक्षी पावसाळ्याच्या आगेमागे गातात आणि वीण करतात, तर हिवाळ्यात भोवत्यांसारखे स्थलांतरित शिकारी पक्षी येतात. स्थानिक आणि पाहुण्या प्रजातींची यादी वेगळी ठेवावी, कारण टिकण्याचा प्रश्न प्रामुख्याने येथे वीण करणाऱ्या पक्ष्यांना लागू होतो. मार्चनंतर सकाळी नऊच्या पुढे मोजणी करू नये. उन्हाने पक्षी सावलीला जातात आणि संख्या खोटी उतरते.

उजनीच्या बेटांवर उन्हाळ्यात एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. सुरय आणि टिटव्या उघड्या वाळूवर किंवा खड्यांवर अंडी घालतात. एप्रिल-मेच्या ४० अंशांपुढच्या उन्हात पालक पक्षी अंड्यांवर सावली धरून बसलेला असतो, आणि आपण बेटावर उतरल्याने तो उठला तर काही मिनिटांत अंड्यांतील जीव होरपळू शकतो. शिवाय टपून बसलेल्या कावळ्यांना वाट मोकळी होते. म्हणून होडी अंतरावर थांबवून दुर्बीण किंवा स्पॉटिंग स्कोपने बसलेले पक्षी मोजावेत. घरट्यांत किती अंडी आहेत हे कळले नाही तरी चालते. अभयारण्याच्या हद्दीतील कोणत्याही कामासाठी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि ड्रोन उडवण्याचा विचार परवानगीशिवाय मनातही आणू नये.

पक्ष्यांची मराठी नावे गावोगाव बदलतात, हे मोजणीत गुराख्यांची मदत घेताना लगेच जाणवते. मराठी पक्षिनामांसाठी आयुष्यभर काम केलेले मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. नोंदवहीत स्थानिक नाव, प्रमाण मराठी नाव आणि शास्त्रीय नाव असे तीन स्तंभ ठेवले तर पुढे घोळ होत नाही.

चौथा टप्पा : क्षेत्रफळ आणि प्रजाती यांचे गणित

क्षेत्रफळ वाढते तशी प्रजातींची संख्या वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. दोन्ही संख्यांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला तर बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. त्या रेषेच्या उताराला झेड म्हणतात. खऱ्या समुद्री बेटांसाठी तो बहुधा ०.२ ते ०.३५ च्या दरम्यान असतो, आणि सलग भूभागातील नमुन्यांसाठी त्याहून कमी असतो. साध्या स्प्रेडशीटमध्येही हा उतार काढता येतो. झेड ०.२५ धरला, तर क्षेत्रफळ एक दशांश झाल्यावर प्रजाती सुमारे ५६ टक्के राहतात. माळाचा ९० टक्के भाग नांगरला गेला तरी प्रजाती निम्म्याहून जास्त टिकल्या, असा दिलासा यातून कोणी काढू नये. मागे राहणाऱ्या प्रजाती कोणत्या, हे गणित सांगत नाही, आणि मोठी जागा लागणारा माळढोक पहिल्यांदा जातो.

आलेखातील प्रत्येक बिंदू रेषेच्या वर आहे की खाली, हे पाहणे उताराइतकेच बोलके असते. अपेक्षेपेक्षा जास्त प्रजाती असलेल्या तुकड्यात पाणवठा आहे का, चराई नियंत्रित आहे का, मोठा तुकडा शेजारी आहे का, हे तपासावे. शेजारच्या मोठ्या तुकड्यातून पक्षी येत राहिल्यामुळे लहान तुकड्यातील संख्या सावरली जाते, हा परिणाम १९७७ मध्ये ब्राउन आणि कॉड्रिक-ब्राउन यांनी स्पष्ट केला आणि तुटक अधिवासांत तो वारंवार आढळतो. दहा-बारा बिंदूंवर पाच-सहा कारणे एकाच वेळी तपासण्याचा मोह मात्र टाळावा. क्षेत्रफळ आणि अंतर ही दोनच कारणे आधी घ्यावीत.

पाचवा टप्पा : शरीराची मोजमापे

बेटावर पोहोचलेल्या पक्ष्यांत काही बदल पुन्हा पुन्हा आढळतात. उडण्याचे स्नायू लहान होतात, पाय लांब होतात, चोच बहुधा मोठी होते. न्यूझीलंडपासून हिंदी महासागरातील बेटांपर्यंत पाणकोंबड्यांच्या कुळातील कितीतरी प्रजातींनी उड्डाण पूर्ण सोडले. उडू शकणाऱ्या बेटवासी पक्ष्यांतही याच दिशेने थोडा बदल दिसतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात आढळले. जमिनीवर शिकारी प्राणी नसले आणि दूर उडत जाण्याची गरजही नसली, की उड्डाणासाठी लागणारी महागडी यंत्रणा राखण्याचा फायदा कमी होतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हे तपासण्यासाठी जिवंत पक्षी पकडण्याची गरज नाही, आणि प्रशिक्षण व परवानगी यांशिवाय तसे करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि कोलकात्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थांच्या संग्रहांत अंदमान-निकोबारसह देशभरातील पक्ष्यांचे जतन केलेले नमुने आहेत. संस्थेला अभ्यासाचा उद्देश, प्रजातींची यादी आणि मार्गदर्शकांचे पत्र पाठवून भेटीची वेळ घ्यावी. सोबत ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा डिजिटल कॅलिपर, पंखासाठी टोकाला अडसर असलेली पट्टी आणि आधीच आखलेले तक्ते न्यावेत.

सुरुवातीसाठी चष्मेवाला हा पक्षी मी सुचवेन. सोलापुरातील बागांत तो दिसतो, अंदमान-निकोबारमध्येही आहे, आणि त्याचे कुळ जगभरातील बेटांवर वसाहत करण्यात अग्रेसर मानले जाते. ऑस्ट्रेलियातील चष्मेवाल्याची एक प्रजाती १८५० च्या दशकात आपणहून न्यूझीलंडला आणि १९०४ मध्ये नॉरफोक बेटावर पोहोचली. ज्या बेटांवर तिचे भाईबंद फार पूर्वीपासून आहेत, तेथील पक्षी मुख्य भूमीवरील पक्ष्यांपेक्षा अंगाने मोठे झालेले आहेत. नव्या वसाहती आणि जुन्या वसाहती यांची अशी तुलना केली, की बदल पोहोचताक्षणी होतो की हळूहळू साठत जातो, याचा निवाडा करता येतो.

प्रत्येक नमुन्याची पंखाची लांबी, पायाच्या नळीची लांबी, नाकपुडीपासून चोचीच्या टोकापर्यंतचे अंतर आणि चोचीची खोली व रुंदी घ्यावी. बंद पंखातील सर्वांत लांब प्राथमिक (पंखाच्या टोकाकडील) पिसाचे टोक आणि पहिल्या दुय्यम (त्यांच्या आतल्या बाजूच्या) पिसाचे टोक यांतील अंतराला पंखाच्या लांबीने भागून शंभराने गुणले की पंखाच्या टोकदारपणाचा निर्देशांक मिळतो. लांब उड्डाण करणाऱ्या पक्ष्यांत तो जास्त आणि एका जागी राहणाऱ्यांत कमी असतो. पहिल्याच दिवशी वीस नमुने मोजून दुसऱ्या दिवशी आदले आकडे न पाहता तेच नमुने पुन्हा मोजावेत. दोन दिवसांच्या आकड्यांतील फरक जर दोन बेटांतील फरकाइतकाच आला, तर त्या मोजमापावर काहीही उभारता येणार नाही. वाळलेली कातडी आक्रसते, त्यामुळे जुन्या नमुन्यांचे आकडे जिवंत पक्ष्यांच्या आकड्यांशी थेट ताडू नयेत. नर, मादी आणि पिल्ले वेगळी ठेवावीत.

मुंबईला जाणे जमत नसेल तर २०२२ मध्ये खुला झालेला ॲव्होनेट हा माहितीसंच घरबसल्या वापरता येतो. त्यात जगातील ११,००० प्रजातींची अशी मोजमापे आहेत. त्यातून बेटावरील प्रजाती आणि तिची मुख्य भूमीवरील निकटची नातेवाईक अशा २५-३० जोड्या निवडल्या, तर पदव्युत्तर प्रकल्पाएवढे चांगले काम होते. जोड्यांचा आग्रह धरण्याचे कारण १९८५ मध्ये जोसेफ फेल्सेनस्टाइन या जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एकाच पूर्वजाच्या दहा वंशज प्रजातींना आखूड पंख असतील, तर तो बदल दहा वेळा घडला असे होत नाही, कदाचित तो पूर्वजात एकदाच घडलेला असतो.

सहावा टप्पा : वंशवृक्ष, जनुके आणि आवाज

बर्डट्री या संकेतस्थळावरून जगातील पक्ष्यांचे वंशवृक्ष उतरवून घेता येतात आणि जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहात हजारो प्रजातींचे जनुकक्रम मोफत मिळतात. पक्ष्यांसाठी सायटोक्रोम-बी आणि एनडी-२ ही मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जाकेंद्रांतील) जनुके जास्त वापरली गेली आहेत. दोन वंशांमधील सायटोक्रोम-बीचा फरक दर १० लाख वर्षांत सुमारे २ टक्के वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. तो कच्च्या अंदाजापुरता वापरावा, कारण वेगवेगळ्या कुळांत हा वेग बदलतो.

वंशवृक्षाने काय उलगडते याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. मॉरिशसचा डोडो कबुतरांच्या कुळातला होता आणि त्याचा जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक निकोबारी कबूतर आहे, हे २००२ मध्ये डीएनएवरून कळले. महाराष्ट्राच्या दक्षिणेला, पश्चिम घाटाच्या उंच माथ्यांवरील शोला (गवताळ माळांनी वेढलेली खुरटी सदाहरित) जंगलेही बेटेच आहेत. पालघाटसारख्या खिंडींनी वेगळ्या पडलेल्या तेथील पक्ष्यांचे जनुकीय अंतर इतके निघाले, की २०१७ मध्ये भारतीय संशोधकांच्या गटाने त्यांच्यासाठी दोन नवे प्रजातिगट मांडले. समुद्राचा थेंबही नसताना बेटाची उत्क्रांती कशी घडते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा अभ्यास आधी वाचावा.

आवाजासाठी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरील ध्वनिमुद्रणे पुरतात. माळावर चंडोलांचे स्वतः केलेले ध्वनिमुद्रण मात्र सराव म्हणून आवश्यक आहे. वारा, अंतर आणि उपकरण यांनी आवाजाची मापे कशी बदलतात, ते दुसऱ्याच्या ध्वनिफिती ऐकून कळत नाही.

सातवा टप्पा : जे आज दिसत नाही तेही यादीत धरणे

बेटावरील आजच्या पक्ष्यांची यादी ही बऱ्याचदा उरलेल्यांची यादी असते. पॅसिफिक महासागरातील बेटांवर माणूस पोहोचल्यानंतर उड्डाण सोडलेल्या पाणकोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट झाल्या, हे गुहांमधील हाडांवरून समजले. गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून पोहोचलेल्या एका झाडसापाने तेथील बहुतेक मूळ वनपक्षी काही दशकांत संपवले. हवाई बेटांवर १८२६ मध्ये जहाजातून डास पोहोचला. पुढे त्याच्यामार्फत पसरलेल्या पक्षी-हिवतापाने सखल भागातील स्थानिक पक्ष्यांचा नायनाट केला, आणि डासांना न मानवणाऱ्या थंड, उंच जंगलांत काही प्रजाती तगून राहिल्या. आजच्या यादीवरून तेथे झेड काढला किंवा पक्षी उंचावरच का राहतात याचे उत्क्रांतीतून स्पष्टीकरण दिले, तर ते पूर्णपणे फसवे ठरेल. सोलापुरातही आजच्या मोजणीला माळढोक आणि तणमोरांच्या जुन्या नोंदी, वनखात्याचे अहवाल आणि वयस्क शेतकऱ्यांच्या आठवणी यांची जोड द्यावी, पण आठवणींचा स्तंभ वेगळा ठेवावा.

उलट दिशेची उदाहरणेही अभ्यासावीत. सेशेल्समधील एका वटवट्या पक्ष्याची जगातील संख्या १९६८ मध्ये तिसाच्याही खाली होती आणि ते सगळे कझिन या एकाच लहान बेटावर होते. बेटाचे मूळ जंगल सावरले, नंतर काही पक्षी दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडले, आणि आज त्यांची संख्या हजारांत आहे. जवळपास प्रत्येक पक्षी कड्यांनी ओळखता येत असल्यामुळे एकत्र पिल्ले वाढवणे, वय आणि आनुवंशिकता यांवरील अतिशय महत्त्वाचे संशोधन तेथे झाले आहे.

आठवा टप्पा : प्रत्यक्ष बेटाकडे

इथपर्यंत आलेल्या अभ्यासकाने सर्वांत आधी आपल्याच किनाऱ्याकडे पाहावे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर, तेथील गुहांत, भारतीय पाकोळीची वसाहत आहे आणि सुरयांचीही वीण होते. पावसाळा सोडून, शांत समुद्रात, परवानगी आणि अनुभवी नावाडी यांच्यासह होडीतून निरीक्षण करता येते. गुहेत शिरू नये. लक्षद्वीपमध्ये पिट्टी हे वाळूचे चिमुकले बेट समुद्रपक्ष्यांसाठी राखीव आहे. तेथे जमिनीवरील स्थानिक प्रजातींची उत्क्रांती शोधण्यात अर्थ नाही, पण समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींचा प्रश्न असेल तर त्याहून योग्य जागा भारतात क्वचितच सापडेल. लक्षद्वीपसाठी प्रवेशपरवाना लागतो.

अंदमानसाठी सोलापूरहून चेन्नई गाठणे रेल्वेने सोपे आहे आणि तेथून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे विमानाने जाता येते. डिसेंबर ते एप्रिल हा काळ तुलनेने कोरडा असतो. पहिल्या भेटीत चिडिया टापूसारख्या खुल्या जागी राहून स्थानिक प्रजातींचे आवाज पाठ करावेत. अंदमान सर्पगरुड, अंदमान सुतार, अंदमान कबूतर यांसारखे अंदमान-निकोबारबाहेर जगात कोठेही न आढळणारे पक्षी तेथे आहेत. नारकोंडम हे सुमारे ७ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखी बेट आणि केवळ तेथेच राहणारा नारकोंडम धनेश यांचे आकर्षण प्रत्येकाला असते, परंतु तेथे विशेष परवानगीशिवाय जाता येत नाही आणि पहिल्याच प्रकल्पासाठी ते ठिकाण मागू नये. धनेशावर आणि पाकोळ्यांवर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. रवी शंकरन यांनी केलेले काम मात्र बारकाईने वाचावे. निकोबार बेटे आदिवासी राखीव क्षेत्रात येतात आणि तेथील प्रवेशाचे नियम कडक आहेत. किनाऱ्याजवळ वाळू-पाचोळ्याचे ढिगारे करून त्यांच्या उबेवर अंडी उबवणारा निकोबार मेगापोड तेथे राहतो, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्याची कितीतरी ढिगारी-घरटी वाहून गेली. एकाच किनारपट्टीवर अवलंबून असलेली प्रजाती एका सकाळीत किती धोक्यात येऊ शकते, याचा विचार संशोधन-आराखड्यात असायला हवा. तेथे जे विद्यार्थी काम करतील त्यांनी निकोबारी समाजातील सहकाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे आणि लेखात त्यांचे श्रेय नोंदवावे.

परवानग्यांना अनेक महिने लागतात. वन विभाग, प्रशासन आणि गरज असल्यास जैवविविधतेसंबंधीच्या मंजुऱ्या यांचे अर्ज निदान वर्षभर आधी पाठवावेत. रक्त किंवा पिसे गोळा करायची असतील तर तसा स्वतंत्र उल्लेख अर्जात असावा, नंतर तो जोडता येत नाही.

मोजणी संपली की नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ, मिनिटे आणि अंतर यांसह चढवाव्यात. माळढोक आणि इतर संवेदनशील प्रजातींचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये. मूळ वह्यांची छायाचित्रित प्रत, नकाशांच्या फायली आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारे एक पान असा संच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व संबंधित वन कार्यालयात जमा करावा. त्या पानावर मोजणीत कोण कोण होते, कोणती दुर्बीण वापरली आणि कोणत्या दिवशी वाऱ्यामुळे काम अर्धवट सोडले, हेही लिहावे. तीस वर्षांनी त्याच बिंदूंवर उभा राहणारा अभ्यासक आपले आकडे त्याच्या आकड्यांशी ताडेल, तेव्हा त्याला सर्वांत आधी हेच विचारावे लागेल.